चालत्या प्रोग्रामचे प्रारब्ध

ज्ञान झाले की कर्मे जळून जातात, असे वेदान्त सांगतो. मग ज्ञान झाल्याक्षणी ज्ञान्याचा देह का पडत नाही? तो जेवतो, हिंडतो, शिष्यांना शिकवतो, हे कशाच्या बळावर? ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायातल्या एका सूत्रावर (४.१.१५) भाष्य करताना शंकराचार्यांनी या अडचणीचा निकाल लावला आहे. साठलेले पण अजून फळाला न आलेले कर्म ज्ञानाने नाहीसे होते. ज्याने फळ द्यायला आरंभ केला आहे, त्या प्रारब्ध कर्माला मात्र ज्ञानही थोपवत नाही. फिरवलेले कुंभाराचे चाक वेग संपेपर्यंत फिरतच राहते.

हा प्रश्न आज मठांपेक्षा संगणकाच्या पडद्यावर अधिक वेळा पडत असावा. चालू प्रोग्राम न थांबवता त्याचा कोड बदलावा आणि तो आपल्या साऱ्या आठवणींसकट नव्या रीतीने वागू लागावा, हे इंटरॅक्टिव्ह प्रोग्रामिंगचे मोठे सुख. लिस्प आणि स्मॉलटॉकवाल्यांनी ते कित्येक दशके उपभोगले. आता ज्युपिटर नोटबुक उघडून बसलेल्या विद्यार्थ्यालाही ते मिळते. नियम बदलणे सोपे झाले आहे. जुन्या नियमाखाली जे जन्माला आले, त्याचे काय करायचे, एवढेच राहिले आहे.

पायथनचे उदाहरण घेऊ. बँकेच्या प्रोग्राममध्ये ‘खाते’ नावाचा एक क्लास आहे. त्यातली व्याजाची चूक दुरुस्त केली आणि मॉड्यूल रीलोड केले. नवी खाती बरोबर व्याज काढू लागतात. आधीच मेमरीत असलेली खाती जुन्या क्लासला धरून चुकीचेच काढत राहतात. गंमत पुढे आहे. जुन्या ऑब्जेक्टला ‘तू खाते आहेस ना?’ असे नव्या क्लासकडे बोट दाखवून विचारले, तर उत्तर येते, नाही. नाव तेच, ओळी जवळजवळ त्याच, पण कूळ निराळे.

वस्तू काळात टिकून राहते की नाही, या बौद्धांशी चाललेल्या जुन्या वादात नैयायिकांचा भर प्रत्यभिज्ञेवर, म्हणजे ओळख पटण्यावर, असे. ‘तोच हा देवदत्त’ अशी ओळख पटते, त्या अर्थी देवदत्त मधल्या काळात टिकून होता. बौद्ध म्हणत, हा नुसता सारखेपणा; त्याला तुम्ही एकत्व समजता. निदान या खटल्यात पायथनची साक्ष बौद्धांच्या बाजूने जाते. नैयायिकांनी तिची उलटतपासणी घेतली असती, हे वेगळे सांगायला नको.

खोडलेल्या गोष्टींची तऱ्हा याहून वाईट. फाइलमधून एखादे फंक्शन काढून टाकले, तरी रीलोडनंतर त्याचे नाव मॉड्यूलमध्ये शिल्लकच असते, कारण रीलोड नवे आणून भरतो, जुने झाडून काढत नाही. ते फंक्शन दिवसभर बिनबोभाट काम करते. दुसऱ्या दिवशी सगळे नव्याने सुरू केले की नोटबुक कोसळते आणि काल चालत होते ते आज का बिघडले, याचा शोध सुरू होतो. आयपायथनची ‘ऑटोरीलोड’ सोय यातले बरेच सावरून घेते, पण हे काम खात्रीने करणे अवघड आहे, असा इशारा तिच्या माहितीपत्रातच दिलेला आहे.

सगळा दोष पायथनच्या माथी मारणे बरोबर नाही. एर्लांग ही भाषा १९८० च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली, ती टेलिफोन एक्स्चेंज डोळ्यांपुढे ठेवून. तिथे दुरुस्तीसाठी सेवा बंद ठेवायची सोयच नव्हती. म्हणून एर्लांग एका मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी जिवंत ठेवते, जुनी आणि चालू. जुन्या कोडमध्ये असलेली प्रोसेस मॉड्यूलचे नाव घेऊन फंक्शनला हाक मारते, तेव्हा नव्या आवृत्तीत जाते. नाव न घेता आतल्या आत हाका मारत राहिली, तर जुन्यातच राहते. उडी कुठे मारायची, ते प्रोग्रामरनेच आधी लिहून ठेवायचे. जादूचे आश्वासन देणाऱ्या साधनांपेक्षा ही व्यवस्था जास्त प्रामाणिक वाटते.

मात्र इथेच वेदान्ताशी फारकत होते. मॉड्यूलची तिसरी आवृत्ती आली की सर्वांत जुनी काढून टाकली जाते आणि तिच्यात रेंगाळलेल्या प्रोसेस मारल्या जातात. प्रारब्ध भोगूनच संपते; एर्लांगमध्ये ते कापूनही टाकता येते.

मारण्याऐवजी रूपांतर करावे, हा कॉमन लिस्पचा मार्ग. क्लासची व्याख्या बदलली की त्याचे जुने ऑब्जेक्ट टाकून दिले जात नाहीत. पुढच्या वेळी त्यांच्यातले काही वाचायची वेळ येईपर्यंत ते नव्या साच्यात बसवले जातात, आणि जुन्या किमतींतून नव्या कशा काढायच्या, हे सांगणारी मेथड प्रोग्रामर स्वतः लिहू शकतो. यापलीकडची मोकळीक क्वचितच कुठे मिळेल. तरीही समजा, पूर्वी माणसाचे नुसते वय नोंदवले जात होते आणि आता जन्मतारीख ठेवायची आहे. वयावरून साल अंदाजाने काढता येईल. दिवस आणि महिना कधी विचारलेलाच नव्हता, तो कुठल्याच मेथडला सापडणार नाही. रकाना रिकामा ठेवावा किंवा काहीतरी ठोकून द्यावे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दुसरा मार्ग धरला, म्हणून महाराष्ट्रातल्या कितीतरी आजी-आजोबांचा वाढदिवस कागदोपत्री १ जूनला येतो.