पोरक्या शब्दाचा पालक

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनकलेवर एक आक्षेप घेतो, आणि तो आजवर कोणाला पुरता खोडून काढता आलेला नाही. त्याचे म्हणणे असे की लिहिलेला शब्द चित्रातल्या माणसासारखा असतो. दिसतो जिवंत, पण काही विचारले तर गप्प राहतो. कोणाशी बोलावे आणि कोणासमोर मौन पाळावे, हे त्याला कळत नाही. जाणत्याच्या हाती पडतो तसाच अजाणत्याच्याही हाती पडतो. कोणी त्याचा विपर्यास केला तर त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, त्याच्यासाठी बापालाच धावून यावे लागते. विद्या गुरुमुखातूनच घ्यावी असे मानणाऱ्या कोणत्याही परंपरेला हा आक्षेप आपलाच वाटेल. सप्टेंबर 1513 मध्ये व्हेनिस शहरात प्लेटोचे समग्र ग्रंथ मूळ ग्रीक भाषेत पहिल्यांदा छापून निघाले, तेव्हा लेखनाविरुद्धचा हा युक्तिवादही खिळ्यांनी जुळवला गेला आणि त्याच्या शेकडो प्रती झाल्या. छापणारा होता आल्डस मनुटियस. वरवर पाहता हा विसंगतीचा कळस आहे. मला मात्र त्यात सॉक्रेटिसला दिलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर दिसते. आल्डसने आक्षेप नाकारला नाही. शब्द पोरका होतो हे त्याने मान्य केले, आणि म्हणून त्याचे पालकपण स्वतःकडे घेतले.

हा माणूस मुळात शिक्षक होता, ही गोष्ट त्याच्या कारकिर्दीचा विचार करताना विसरून चालत नाही. 1450 च्या आसपास रोमच्या दक्षिणेकडील बास्सियानो या गावी त्याचा जन्म झाला. रोम आणि फेरारा येथे तो शिकला, मग कार्पीच्या राजपुत्रांना त्याने शिकवले. व्हेनिसला आला तेव्हा त्याने चाळिशी गाठली होती; त्या काळी या वयात माणसे नवा धंदा काढत नसत. 1495 मध्ये त्याने छापलेले पहिले दिनांकित पुस्तक म्हणजे कॉन्स्टंटाइन लास्कारिसचे ग्रीक व्याकरण. ही निवड शिक्षकाची आहे. घरात बोलावण्याआधी त्याने वाचकाच्या हाती किल्ली दिली. लगेच ॲरिस्टॉटल हाती घेतला आणि 1498 पर्यंत पाच मोठे खंड पुरे केले. ग्रीक अक्षरांवरचे आघात, श्वासचिन्हे, जोडाक्षरे या साऱ्यांमुळे खिळ्यांची संख्या लॅटिनच्या कितीतरी पट होई. ते खिळे घडवणारा कारागीर फ्रान्चेस्को ग्रिफो याचे नाव इथे घेतलेच पाहिजे. आल्डसच्या कीर्तीतला मोठा वाटा त्याच्या हातांचा आहे. भांडवल आंद्रेआ तोर्रेसानी आणि पिएरफ्रान्चेस्को बार्बारिगो या भागीदारांचे होते. पुढे तोर्रेसानी त्याचा सासराही झाला.

ग्रंथ जपण्याची दुसरी एक रीत त्याच शहरात, त्याच्या डोळ्यांसमोर होती. कॉन्स्टंटिनोपल 1453 मध्ये पडल्यावर ग्रीक विद्या नष्ट होईल या भीतीने कार्डिनल बेसारिऑनने आयुष्यभर हस्तलिखिते जमवली आणि 1468 मध्ये सातशेहून अधिक ग्रंथांचा तो ठेवा व्हेनिस प्रजासत्ताकाच्या स्वाधीन केला. दात्याचा हेतू उदात्त होता. पण ग्रंथांना जागाच नव्हती. ते वर्षानुवर्षे राजवाड्यात पेट्यांत पडून राहिले आणि त्यांच्यासाठी इमारत बांधायला सुरुवात झाली ती 1537 मध्ये. अनधिकाऱ्याच्या हाती शब्द पडू नये ही सॉक्रेटिसची काळजी पेटीने उत्तम रीतीने दूर केली. फक्त अधिकाऱ्याच्या हातीही तो पडला नाही. अधिकार आधी सिद्ध करा आणि मग ग्रंथ घ्या, असे म्हणणाऱ्याने एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे: ग्रंथ वाचल्याशिवाय तो अधिकार यावा कुठून? जवळ गुरू नाही, ग्रंथालय नाही, अशा एखाद्या लहान गावातल्या मुलाची योग्यता कोण ठरवणार? 1501 पासून आल्डसने व्हर्जिल, होरेस यांच्यासारखे कवी लहान आकारात, तिरक्या नाजूक अक्षरांत, टीकाभाष्याच्या चौकटीविना छापले. हातात मावणारे हे पुस्तक प्रवासात, बागेत, एकट्याने वाचता येई. वाचकाच्या योग्यतेवर आधी विश्वास टाकणे ही त्यामागची नैतिक भूमिका होती.

या भूमिकेला विरोध करणारी माणसे क्षुद्र नव्हती. व्हेनिसमधलाच डॉमिनिकन साधू फिलिप्पो दे स्त्राता याने 1470 च्या दशकात प्रजासत्ताकाच्या प्रमुखाकडे छापखान्यांविरुद्ध गाऱ्हाणे मांडले होते. स्वस्त आणि कामुक पुस्तके पोरांच्या हाती जातात, अशुद्ध पाठांचा बाजार होतो आणि नकला करणाऱ्यांची भाकरी जाते, अशी त्याची तक्रार होती. जर्मनीतील श्पॉनहाइमच्या मठाचा प्रमुख योहानेस ट्रिथेमियस याचा मुद्दा अधिक खोल आहे. 1492 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याने लेखनिकांची थोरवी गायली. हाताने धर्मग्रंथ उतरवणे ही साधना आहे, लिहिता लिहिता शब्द मनात झिरपतो आणि यंत्राने ती साधनाच काढून घेतली, असे तो सांगतो. मला हा मुद्दा खरा वाटतो. जो उतरवतो त्याला काहीतरी असे मिळते जे विकत घेणाऱ्याला मिळत नाही. पण ते फळ लिहिणाऱ्याचे झाले. शंभर कोसांवरच्या, कधीही न भेटणाऱ्या वाचकाचे काय? एकाच्या चित्तशुद्धीसाठी हजारांनी ग्रंथाविना राहावे, असे कोणताही धर्म गंभीरपणे सांगू शकणार नाही. आणि 1494 मध्ये ट्रिथेमियसचा तो ग्रंथ माइन्झला छापलाच गेला. त्यालाही न भेटणारे वाचक हवे होते.

फिलिप्पोच्या तक्रारीतला अशुद्ध पाठांचा भाग मात्र टाळून पुढे जाता येत नाही, कारण साऱ्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. लेखनिकाची चूक एका पोथीपुरती असते. छापखान्याची चूक एका दिवसात हजार घरांत शिरते. तेव्हा छापणाऱ्याचे दोष लेखनिकाच्या दोषांहून हजारपटीने जड मानले पाहिजेत, आणि आल्डसने ते तसेच मानले. मार्कुस मुसुरुससारखे निर्वासित ग्रीक पंडित त्याच्याकडे हस्तलिखिते ताडून पाठ ठरवत. प्लेटोच्या प्रस्तावनेत तो लिहितो त्याचा आशय असा की, शक्य असते तर पुस्तकातली प्रत्येक चूक पुसण्यासाठी मी एकेक सोन्याचे नाणे मोजले असते. हा नुसता अलंकार नव्हता, याची साक्ष इरास्मसने दिली आहे. 1508 मध्ये तो आपल्या ‘आडाजिया’ या वचनसंग्रहासाठी आल्डसकडे राहिला होता. एका बाजूला तो लिहीत होता, दुसऱ्या बाजूला जुळारी खिळे जुळवत होते. मुद्रितशोधक नेमलेला असतानाही आल्डस स्वतः शेवटची मुद्रिते वाचत बसे. हा त्रास कशाला, असे इरास्मसने विचारले तेव्हा त्याने एवढेच सांगितले की मी शिकतो आहे. सॉक्रेटिसला हवे होते ते प्रश्न आणि उत्तर, तो जिवंत संवाद, इथे ग्रंथ वाचकाकडे जाण्याआधीच घडत होता. शिवाय छापील चुकीला एक गुण आहे जो लेखनिकाच्या चुकीला नाही. सर्वांच्या हाती तेच पान असल्याने एकाने दाखवलेली चूक सर्वांना सुधारता येते.

तरीही हा व्यापारी होता, त्याला पालक कसे म्हणावे, असे कोणी विचारील, आणि त्या शंकेला पुरावा आहे. 1498 च्या त्याच्या यादीत ॲरिस्टॉटलच्या संचाची किंमत अकरा डुकॅट होती; गरीब विद्यार्थ्याला ती झेपणारी नव्हती. तिरक्या अक्षरांवर त्याने सरकारकडून मक्ता मिळवला होता. विद्या सर्वांसाठी म्हणायचे आणि अक्षराचा आकारही आपल्यापुरता राखायचा, हे दोन्ही एकत्र नांदत नाही. इथे मी त्याचा बचाव करणार नाही. पण ल्याँच्या मुद्रकांनी त्याच्या आवृत्त्यांच्या हुबेहूब नकला काढल्या तेव्हा त्याने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. मार्च 1503 मध्ये त्याने एक जाहीर इशारा छापला. त्यात बुडालेल्या पैशांचा हिशेब मांडण्याऐवजी नकलांमधल्या चुका एकेक करून दाखवल्या होत्या. ल्याँकरांनी तीच यादी समोर ठेवून आपल्या चुका दुरुस्त केल्या. व्यापारी म्हणून तो हरला, पण ज्याने ती नकल विकत घेतली असेल त्याच्या हाती अधिक शुद्ध व्हर्जिल पडला.

हीच कसोटी धर्मग्रंथाला लावायची का, हा प्रश्न पुढे युरोपला हादरवून गेला. ईश्वराचा शब्द मनुष्याच्या हातून उतरताना बिघडू शकतो, हे एकदा मान्य केले की तो ताडून पाहणे ही श्रद्धेचीच मागणी ठरते. बिघडलेला पाठ पवित्र मानून कवटाळणे ही श्रद्धा नव्हे. 1516 मध्ये बाझेलला फ्रोबेनच्या छापखान्यातून इरास्मसने ग्रीक ‘नवा करार’ प्रसिद्ध केला तो याच विश्वासाने. पण डॉल्फिन आणि नांगर या आल्डसच्या मुद्राचिन्हाचा अर्थ, म्हणजे घाई करावी पण सावकाश, ज्याने जगाला समजावून सांगितला तोच इरास्मस तिथे घाईला बळी पडला. ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकाच्या ग्रीक हस्तलिखिताचे शेवटचे पान गहाळ होते, तेव्हा तेवढी वचने त्याने लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये रचून घातली. छपाईच्या चुका तर जागोजाग राहिल्या.

हीब्रू, ग्रीक आणि लॅटिन अशा तीन भाषांतले बायबल काढावे असे आल्डसच्या मनात होते. नमुन्याच्या पानापुढे ते काम गेले नाही. 6 फेब्रुवारी 1515 रोजी तो वारला, आणि सान पातेर्नियान चर्चमध्ये त्याच्या देहाभोवती त्याने छापलेली पुस्तके रचून ठेवली होती. त्याच्या छापखान्यातून संपूर्ण ग्रीक बायबल बाहेर पडले ते 1518 मध्ये, सासऱ्याच्या देखरेखीखाली. त्यातला ‘नवा करार’ इरास्मसच्या बाझेल आवृत्तीवरून घेतलेला होता, आणि तिच्यातल्या छपाईच्या कितीतरी चुका त्यात जशाच्या तशा उतरल्या.