केसपेपरवर काय लिहावे?

होमिओपॅथीचा पाया घालणारे सॅम्युएल हानेमान यांनी आपल्या ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथात वैद्याला एक साधी सूचना केली आहे. रुग्ण जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि प्रत्येक नव्या तक्रारीसाठी नवी ओळ धरा. आधी मोघम सांगितलेली गोष्ट रुग्णाला नंतर नीट आठवली, तर ती त्याच ओळीपुढे भरता येते. पुढच्या भेटीत जे कमी झाले ते खोडायचे, जे उरले त्यावर खूण करायची, नवे असेल ते जोडायचे. हानेमान 1843 साली पॅरिसमध्ये वारले. त्यांनी लिहिलेल्या रुग्णांच्या नोंदवह्या जर्मनीत स्टुटगार्टच्या वैद्यक-इतिहास संस्थेत आजही जपून ठेवल्या आहेत.

औषधपद्धतीबद्दल कुणाचे मत काहीही असो, ही सूचना मला एका खोलीत चालणाऱ्या प्रत्येक दवाखान्यासाठी मोलाची वाटते. मग तो होमिओपॅथचा असो, आयुर्वेदाचा वा योगोपचाराचा. माणूस इथे येतो तेव्हा दुखण्याबरोबर झोप, भूक, घरातली काळजी, मनात धरलेली भीती असे बरेच काही सांगतो. ‘सकाळी उठलं की डोकं ठणकतं, चहा घेतला की उतरतं’ असे सांगणाऱ्या बाईंच्या कागदावर नुसते ‘डोकेदुखी’ लिहिले, तर पुढच्या खेपेला विचारायचे काय आणि ताडून बघायचे कशाशी?

नोंदीचे खरे काम मात्र पुढे सुरू होते. समजा, एक गृहस्थ महिन्याकाठी औषध न्यायला येतात. दर वेळी ‘जरा अशक्तपणा आहे, बाकी ठीक’ एवढेच सांगतात. समोर बसलेला माणूस दर वेळी जवळपास तसाच दिसतो. पण कागदावर वजनाचा वेगळा रकाना असेल आणि त्यात 58, मग 56, मग 53 असे आकडे एकाखाली एक पडले असतील, तर ते आकडे ओरडून सांगतात की आता आपल्या औषधावर वेळ न घालवता यांना तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवा. तेच आकडे तीन वेगळ्या चिठ्ठ्यांवर असते तर हे कुणाच्याच ध्यानात आले नसते. म्हणून वजन, रक्तदाब, चालू असलेल्या इतर डॉक्टरांच्या गोळ्या आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे, या गोष्टी पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात हव्यात. जीव वाचवणारी माहिती शोधावी लागू नये.

मांडणीचे म्हणाल तर आपल्याकडे नावावर भिस्त ठेवून भागत नाही. एका गावात एकाच नावाच्या चार-चार पाटीलबाई निघतात. लग्नाआधी माहेरच्या आडनावाने आलेली मुलगी पुढे सासरच्या आडनावाने, बदललेल्या नावानेसुद्धा येते. मोबाइल नंबरही कामाचा नाही, कारण अख्ख्या घराचा एकच नंबर दिलेला असतो. त्यावर उपाय जुनाच आहे: प्रत्येकाला एक क्रमांक, तो कधीही बदलायचा नाही, आणि नाव शोधायला वेगळी वही. संगणक घेतला तरी नियम हाच. आधी वहीत शिस्त नसेल तर तोच गोंधळ पडद्यावर दिसेल, इतकेच.

आणि ही पाने कुणासमोर उघडी पडतात, याचा विचार फार कमी होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. फायलींचे फडताळ बाकड्यासमोर, फायलींच्या पाठीवर नावे, शेजारी शेजारणी बसलेल्या! गर्भपात, नैराश्य, नवऱ्याचे व्यसन, जे माहेरीही बोलले गेले नाही ते त्या पानांवर आहे. रिपोर्टचे आणि अंगावरच्या चट्ट्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि घरातली मुले ज्या फोनवर खेळतात त्याच फोनमध्ये राहतात. 2023 साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात संमत झाला, हे चांगले झाले. पण ज्याने विश्वासाने तोंड उघडले त्याची गोष्ट झाकून ठेवायला कायद्याची वाट कशाला बघायची?

दवाखाना चालवणारी व्यक्ती गेली की काय होते, हेही बघण्यासारखे आहे. मुले दुसऱ्या व्यवसायात असतात, गाळा रिकामा करायचा असतो आणि वर्षानुवर्षांचे केसपेपर गोणीत भरून रद्दीत जातात. निम्म्या गावाची दुखणी किलोच्या भावाने विकली जातात. रुग्णाला त्याचे कागद परत देता येतात, त्याच्या संमतीने दुसऱ्या वैद्याकडे सोपवता येतात, नाहीतर बारीक फाडून नष्ट करता येतात. हे कुणी करायचे, ते हातपाय चालताहेत तोवरच लिहून ठेवायला हवे.

तुमचा असा दवाखाना असेल तर आज बंद करण्याआधी कपाटाला कुलूप आहे ना, ते बघा. आणि तुम्ही रुग्ण असाल तर आपल्या केसपेपरची प्रत निःसंकोच मागा. त्यावर लिहिलेले सगळे तुमचेच आहे.