अडखळणाऱ्याचा दुहेरी मोबदला

मगरिबची नमाज झाली की पुण्यातल्या कितीतरी घरांत, मग ते घर कोंढव्यात असो, कॅम्पात असो वा मोमीनपुऱ्यात, एकच दृश्य दिसते. आई मुलाला घेऊन अभ्यासाला बसते. काल दहा वेळा घोकून घेतलेला शब्द आज मुलाला ओळखू येत नाही. एक शब्द गळतो, दुसरा अंदाजाने वाचला जातो, तिसऱ्यापाशी गाडी अडते. पहिल्यांदा समजूत घातली जाते, दुसऱ्यांदा आवाज चढतो आणि तिसऱ्यांदा कधी हातही उठतो. मूल रडत झोपी जाते आणि इशाच्या नमाजीत आईचे डोळे भरून येतात.

अशा मुलाविषयी घरात सहसा तीन मते ऐकू येतात. कोणी म्हणते, ‘आळशी आहे, शिस्त लावा.’ कोणी म्हणते, ‘नशिबातच नाही, अल्लाहची मर्जी, उगाच जिवाला त्रास कशाला?’ आणि कोणी सांगते, ‘अमुक ठिकाणी खात्रीने बरे करतात, कितीही पैसा लागो, घेऊन जा.’ पहिले मत मुलावर अन्याय करते. पण दुसरे आणि तिसरे मत आपल्याला खोलवर विचार करायला लावते. अल्लाहने मूल जसे दिले तसे स्वीकारणे आणि त्याच मुलासाठी रोज झटणे, या दोन गोष्टी एका हृदयात एकत्र नांदू शकतात काय? की झटणे म्हणजे अल्लाहच्या निर्णयाविरुद्ध तक्रार आणि स्वीकारणे म्हणजे कर्तव्यातून सुटका?

उत्तराकडे वळण्यापूर्वी अडचण नेमकी काय आहे ते समजून घेऊ. १८९६ साली इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, खेळात मागे नव्हता, हिशेबही करीत असे. पण लिखित शब्द वाचणे त्याला काही केल्या जमत नव्हते. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. म्हणजे ही अडचण आजची नाही, मोबाइलमुळे आलेली नाही, आणि ती बुद्धीच्या अभावातून वा आळसातून येत नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने दहावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती देण्यास प्रारंभ केला. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्थान दिले.

आपल्या पुण्यातही या विषयाचा दीर्घ अभ्यास झाला आहे. केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा कित्येक वर्षे केला. ही मुले बारा वर्षांची झाली तेव्हा, तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांच्या मानाने, वाचनाच्या आणि गणिताच्या अडचणी त्यांच्यात अधिक आढळल्या. प्रत्येक मुलाच्या अडचणीचे कारण हेच असते असे नाही. परंतु ज्या गोष्टीची मुळे जन्माच्या वेळेपर्यंत पोहोचू शकतात तिच्यासाठी दहा वर्षांच्या जिवाला गुन्हेगार ठरवणे कोणत्या न्यायात बसते?

त्यात आपल्या मुलांवरचा भार इतरांहून वेगळा आहे. घरात दखनी किंवा उर्दू, शाळेत मराठी किंवा इंग्रजी आणि मकतबमध्ये अरबी. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, अरबी-उर्दू उजवीकडून डावीकडे. देवनागरीत ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत एखाद्या वळणाचा फरक, तर अरबीत ‘बे’, ‘ते’ आणि ‘से’ यांत केवळ नुक्त्यांचा. बहुतेक मुले हे सारे सहज पेलतात. पण ज्याला एकाच लिपीत अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताना कष्ट पडतात, त्याच्यापुढे दिवसाकाठी तीन लिप्या उभ्या राहतात. हे लक्षात घेतले तर राग येण्याऐवजी त्याच्या धडपडीचे नवल वाटेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रयत्न हा तक्रारीचा प्रकार आहे काय? पवित्र कुरआनमधील ह. मूसा (अ.) यांचा वृत्तांत याचे स्पष्ट उत्तर देतो. फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली तेव्हा त्यांनी आपली अडचण लपवली नाही. सूरह ताहामध्ये आपण वाचतो की त्यांनी छाती मोकळी होण्याची, जिभेची गाठ सुटण्याची आणि लोकांना आपले बोलणे समजावे अशी प्रार्थना केली; आणि त्याचबरोबर आपला भाऊ हारून (अ.) याला मदतनीस करावे अशी विनंती केली. अल्लाहने ती मान्य केली. येथे एका पैगंबराने आपल्या उणिवेवर उपाय मागितला आणि माणसाची मदतही मागितली. यात कोठेही नाराजी नाही. उलट, ज्याने गाठ दिली तोच ती सोडवू शकतो, हा पूर्ण विश्वास आहे. याच वृत्तांतातील दुसरी गोष्टही विसरता कामा नये. सूरह जुखरुफमध्ये मूसा (अ.) यांना नीट बोलताही येत नाही असे हिणवणारा कोण होता? फिरऔन. म्हणून वाचताना अडखळणाऱ्या मुलाची चारचौघांत नक्कल करणाऱ्याने, मग तो मामा असो वा मास्तर, आपण कोणाच्या बाजूला जाऊन उभे राहिलो याचा विचार करावा.

तेव्हा ‘नशीब’ म्हणून हात झटकणे हा तवक्कुल नव्हे. उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही पैगंबर (स.) यांची शिकवण आपण सारे जाणतो. तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे, घरी रोज सराव घेणे, शाळेशी बोलणे, हे सारे उंट बांधणे आहे. ताईत बांधून आणि फुंकर मारून घेऊन हे कर्तव्य पुरे होत नाही. दुआ अवश्य करावी, पण हातातले काम करीत असताना करावी.

मात्र दुसऱ्या टोकाचा धोकाही तितकाच खरा आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ग्लेन डोमन आणि कार्ल डेलाकाटो यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत घरी करावयाच्या कसरतींचा एक कार्यक्रम मांडला. मुलाचे हातपाय रांगण्याच्या क्रमाने दिवसातून अनेक वेळा हलवत राहिले की मेंदूची घडण सुधारते, असा त्यांचा दावा होता. असंख्य आईबापांनी आशेपोटी आपले दिवस त्यात घातले. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये स्पष्ट केले की या उपचाराचा खास लाभ सिद्ध झालेला नाही आणि कुटुंबावर पडणारा त्याचा भार इतका मोठा आहे की त्यातून हानीही होऊ शकते. ‘खात्रीने बरे करू’ असे सांगणारे आजही सर्वत्र आहेत. पण येथे विचार करण्यासारखी गोष्ट पैशापलीकडची आहे. जो बाप मुलाला ‘बरे’ केल्याशिवाय शांत होत नाही, तो मुलासाठी झटत असतो की स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी? कर्माचे मूल्य नियतीवर, म्हणजे हेतूवर, अवलंबून असते. आपल्या हेतूची परीक्षा एका साध्या प्रश्नाने करता येते: हे मूल आयुष्यभर असेच सावकाश वाचत राहिले, तर माझे प्रेम कमी होईल काय?

येथे मला ह. आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस फार मोलाची वाटते. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पैगंबर (स.) यांनी सांगितले की कुरआन पठणात निष्णात असलेला मनुष्य थोर आणि सदाचारी फरिश्त्यांच्या सोबत असेल, आणि जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दोन मोबदले आहेत. विद्वान याचा अर्थ असा सांगतात की एक मोबदला पठणाचा आणि दुसरा कष्टाचा.

या शिकवणीत आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सामावली आहेत. दुसरा मोबदला अडखळणे संपल्यावर मिळेल असे येथे म्हटलेले नाही. तो अडखळत असतानाच मिळतो. म्हणजे हे मूल बरे होईपर्यंत अपुरे आहे, त्याची किंमत उद्या ठरेल, असे नाही. ते जेथे आहे तेथेच, त्याच्या आजच्या कष्टासह, अल्लाहच्या दरबारात मोजले जात आहे. परंतु ‘असू दे, वाचू नकोस’ असेही ही हदीस सांगत नाही. मोबदला वाचणाऱ्याला आहे. ज्याने वाचणे सोडले नाही आणि ज्याला इतरांनी हिणवून सोडायला लावले नाही, त्याला तो आहे. स्वीकार आणि प्रयत्न हे परस्परांचे वैरी नाहीत, ही गोष्ट येथे उघड होते.

मग घरातला सराव कसा असावा? अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे अल्प असले तरी सातत्याने केले जाते, ही शिकवण येथे जशीच्या तशी लागू पडते. रविवारी तीन तास डोके पिकवण्यापेक्षा रोजची पंधरा-वीस मिनिटे अधिक उपयोगी. १९३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि अॅना गिलिंगहॅम यांनी जी पद्धत घडवली तिचे सार असे: अक्षर डोळ्यांनी पाहावे, तोंडाने त्याचा आवाज काढावा, कानाने ऐकावा आणि त्याच वेळी बोटाने ते गिरवावे, एक पायरी पक्की झाल्यावरच पुढची घ्यावी. आपल्याला हे परके वाटू नये. आपल्याकडे धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत, मकतबमध्ये तख्तीवर लिहीत. ताटलीत रवा पसरून आजही ते करता येते. ह. अनस (रजि.) सांगतात की पैगंबर (स.) एखादी गोष्ट नीट समजावी म्हणून तीनदा उच्चारीत. स्वतः कुरआनदेखील एकदम नव्हे, तेवीस वर्षांत थोडाथोडा अवतरला. मग एका धड्यासाठी आपली घाई कशाला?

हेच ह. अनस (रजि.) लहान वयात पैगंबर (स.) यांच्या सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. इतक्या काळात आपल्याला एकदाही ‘उफ्’ म्हटले गेले नाही, हे का केलेस आणि ते का केले नाहीस असे विचारले गेले नाही, अशी त्यांची साक्ष आहे. आईवडिलांना ‘उफ्’ म्हणू नये, हे आपण मुलांना नेहमी शिकवतो. मुलांना ‘उफ्’ न म्हणण्याची ही सुन्नत आपण स्वतः कितपत पाळतो?

हा सारा भार बहुधा एकट्या आईवर पडतो. ती शाळेची बोलणी ऐकते, सराव घेते आणि ‘तुझ्याच लाडाने बिघडला’ हा दोषही सोसते. अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या शक्तीपलीकडचे ओझे टाकत नाही, हे सूरह बकराच्या शेवटी आपण वाचतो. मग आपण माणसांनी ते का टाकावे? प्रत्येक जण आपल्या हाताखालच्यांचा राखणदार आहे आणि त्यांच्याविषयी त्याला विचारले जाईल. हा प्रश्न बापालाही होणार आहे. आठवड्यातील निदान तीन संध्याकाळी सरावाला त्याने बसावे.

घरातील इतर मुलांचाही हक्क आहे. ह. नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एका मुलाला देणगी दिली तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली. देणगीत समानता हवी, पण उपचार आणि गरज यांवरचा खर्च गरजेनुसार असावा, असे अनेक विद्वानांनी स्पष्ट केले आहे. अडचण असलेल्या मुलाला अधिक वेळ देणे हा अन्याय नव्हे. पण ते का, हे भावंडांना समजावून न सांगणे आणि त्यांच्या वाट्याची मायेची नजरही काढून घेणे हा अन्याय होऊ शकतो. भावंडांची एकमेकांशी तुलना तर कटाक्षाने टाळावी.

शेवटी समाजाची जबाबदारी. मुलाचे वाचन वयाच्या मानाने सतत मागे पडत असेल तर शाळेशी बोलून तपासणी करून घ्यावी. शासनमान्य केंद्राचे प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. ही भीक नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. ‘प्रमाणपत्र घेतले तर लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे होईल’ या भीतीने तो नाकारणे म्हणजे मुलीच्या हक्काची रक्कम आपल्या अब्रूपायी खर्च करणे आहे. आपल्या मकतबमधील उस्तादांनीही सूरह अबसची पार्श्वभूमी आठवावी. शिकण्यासाठी आलेल्या अंध साहाबी अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) यांच्याकडे लक्ष देण्याविषयी खुद्द अल्लाहने सूचना दिली. जो धडपडत शिकायला आला आहे, त्याला मागच्या रांगेत बसवून विसरून जाणे आपल्याला शोभत नाही.

आज मगरिबनंतर पुस्तक उघडाल तेव्हा मुलाला एवढे अवश्य सांगा की तू अडखळत वाचतोस त्याचे दोन मोबदले आहेत, आणि हे खुद्द अल्लाहच्या पैगंबरांनी सांगितले आहे. ते ऐकून त्याचे वाचन उद्या सुधारेल असे नाही. पण पुस्तक उघडताना वाटणारी त्याची भीती कदाचित कमी होईल, आणि आपल्या हातून होणारा अन्यायही.

हे अल्लाह, आमच्या मुलांच्या जिभेच्या गाठी सोडव, त्यांना लाभदायक ज्ञान दे, आणि जोवर गाठ सुटत नाही तोवर आमच्या रागापासून त्यांना सुरक्षित ठेव. आमीन.