चूक झाल्यावर कोणता ग्रंथ वाचावा?

भनपुरीच्या कारखान्यात पाळी करून येणाऱ्या साधक बंधूंनो, वाचावे काय, असे आपण विचारता. आपल्या रायपूरचे माधवराव सप्रे आठवा. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि ते माफी लिहून देऊन सुटले. ती माफी त्यांच्या मनाला फार लागली. त्या काळात त्यांनी समर्थांचा ‘दासबोध’ जवळ केला, त्याचे हिंदी भाषांतर केले. पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ही हिंदीत आणले.

मन रमवणारी पुस्तके पुष्कळ आहेत. आपली चूक झाकू न देणारी थोडी. ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकातला मूर्खलक्षणांचा पहिला समास वाचून पाहा, पण शेजाऱ्याचे नाव मनात न आणता. (हेच अवघड!) त्याच शेजाऱ्याला मराठी येत नसेल, तर सप्रेंचे हिंदी भाषांतर सुचवा.