झाडलेले, पण रिकामे घर



गेल्या गांधी जयंतीला आपल्या युवकांनी वेशीवरच्या क्रुसामागची पडीक जागा साफ केली, हे तुम्हांला आठवत असेल. सकाळच्या मिस्सानंतर चाळीसेक मुले-मुली फावडी, घमेली आणि पोती घेऊन निघाली. दुपारपर्यंत दोन टेम्पो कचरा निघाला. शेवटी सर्वांनी फोटो काढले. त्या फोटोत मीही हसतमुखाने उभा आहे.

नाताळच्या नोव्हेनापर्यंत तिथे पुन्हा उकिरडा झाला होता. त्या दिवशी राबलेला एक मुलगा मला म्हणाला, "फादर, मग आपण कशाला एवढे राबलो?" मला उत्तर देता आले नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे शुभवर्तमानात सापडले. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायात प्रभू येशू एका अशुद्ध आत्म्याविषयी सांगतो. तो माणसातून निघून जातो, निर्जल प्रदेशात भटकतो आणि कुठेच विसावा न मिळाल्याने माघारी येतो. पाहतो तर त्याचे जुने घर झाडून-लोटून नीटनेटके केलेले आहे. मग तो आपल्याहून दुष्ट असे आणखी सात जण घेऊन येतो आणि त्या माणसाची स्थिती पहिल्यापेक्षा वाईट होते. घर झाडलेले होते, पण तिथे राहायला कुणी आले नव्हते. प्रायश्चित्तकाळात आपण एखादे व्यसन सोडतो आणि पास्काच्या सणानंतर ते दुप्पट जोराने परत येते, ते याच कारणाने.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत ऑगस्टीनचा एक विचार आम्ही घोकून पाठ केला होता. वाईट म्हणून वेगळी अशी वस्तू नाही. जिथे चांगले असायला हवे तिथे ते नसणे म्हणजेच वाईट. परीक्षेत मी ते लिहिले आणि गुणही मिळवले. समजले मात्र त्या क्रुसामागे उभा राहिल्यावर. आपण कचरा काढला आणि जागा तशीच रिकामी ठेवून घरी गेलो.

अशीच जागा न्यूयॉर्क शहरात होती. १९७०च्या दशकात तिथल्या मॅनहॅटनच्या पूर्वेकडील गरीब वस्तीत अनेक मालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या. काही जळाल्या, काही पाडल्या गेल्या. मागे विटांचे ढीग आणि कचऱ्याने भरलेले भूखंड उरले. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी नावाची एक चित्रकार आणि तिचे शेजारी यांनी बॉवरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा असा एक भूखंड हाती घेतला. या मंडळींनी स्वतःला 'ग्रीन गुरिलाज' असे नाव घेतले होते. आपल्या भाषेत सांगायचे तर गनिमी काव्याने झाडे लावणारे! कुंपण घातलेल्या बंद भूखंडांवर ते बियांनी भरलेले गोळे बाहेरून फेकत. कोपऱ्यावरच्या भूखंडातला कचरा त्यांनी उपसला, चांगली माती आणून पसरली, कुंपण घातले, साठ वाफे करून भाजी लावली. मग झाडे आणि फुले आली. एप्रिल १९७४ मध्ये नगरपालिकेने ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली. लिझ क्रिस्टी १९८५ मध्ये वारली. आज ती बाग तिच्या नावाने ओळखली जाते. आसपासच्या वस्त्यांतही अशा बागा झाल्या. त्यांतल्या कित्येक पोर्तो रिको बेटावरून पोटासाठी आलेल्या कुटुंबांनी फुलवल्या. १९७८ मध्ये नगरपालिकेने अशा बागांसाठी स्वतंत्र योजना सुरू केली आणि आज तिच्या आधाराने साडेपाचशेहून अधिक बागा चालतात.

या गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा. बागा बहरल्या, वस्तीत राहावेसे वाटू लागले, तशा जमिनीच्या किमती वाढल्या. १९९९ मध्ये नगरपालिकेने ११४ बागांच्या जमिनी लिलावात काढायचे ठरवले. ज्या जमिनीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते तिला आता गिऱ्हाईक आले होते! पण त्या जमिनीला आता माणसेही होती. त्यांनी निदर्शने केली, न्यायालयात गेली. शेवटी दोन संस्थांनी मिळून सुमारे ४२ लाख डॉलर देऊन त्या बागा वाचवल्या. रिकाम्या जागेसाठी एवढे कोण भांडले असते?

कुणी म्हणेल, फुलांनी कुठे माणसे बदलतात? अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी ५४१ ओसाड भूखंड निवडले आणि त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटात कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली, लाकडाचे बुटके कुंपण घातले आणि नियमित निगा राखली. दुसऱ्या गटात फक्त कचरा उचलला. तिसऱ्या गटाला हात लावला नाही. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटाच्या आसपास राहणाऱ्या लोकांत, मन खचल्यासारखे वाटते असे सांगणाऱ्यांचे प्रमाण, काहीच न केलेल्या भागाच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटले. फक्त कचरा उचललेल्या ठिकाणी मनावर असा ठळक परिणाम दिसला नाही. झाडलेल्या पण रिकाम्या घराची गोष्ट प्रभूने सांगितली, तिचीच आठवण मला हे वाचताना झाली.

आता आपल्याकडे येऊ या. क्रुसामागे कचरा कोण टाकतो, असे विचारले की आपले उत्तर तयार असते, "ते समोरच्या बिल्डिंगमधले बाहेरचे लोक!" गेल्या गांधी जयंतीला मीही तेच धरून चाललो होतो. पण पोती भरताना आम्हांला काय मिळाले ते सांगतो. आपल्याच लग्नांतल्या ताटल्या आणि पेले मिळाले. कबरींवरचे वाळलेले हार मिळाले. आणि तुम्ही आता हातात धरलेल्या या पत्रकाचे जुने अंकही मिळाले. समोरच्या बिल्डिंगमधल्यांकडे आपले पत्रक कधी जात नाही.

आणखी एक गोष्ट त्या वेळी पाहिली. त्या उकिरड्याच्या कडेला तेलाच्या जुन्या डब्यात एक झेंडू लावलेला होता. डब्याभोवती हातभर जागा स्वच्छ होती. तिथे कुणीच काही टाकले नव्हते. चौकशी केली तेव्हा समजले, समोरच्या बिल्डिंगमधल्या एक ताई रोज संध्याकाळी त्याला पाणी घालतात. त्या आपल्या धर्माच्या नाहीत, त्यांना मराठीही फारसे येत नाही. आम्ही चाळीस जणांनी आणि दोन टेम्पोंनी जे साधले नाही, ते त्यांनी रोजच्या एका तांब्याभर पाण्याने हातभर जागेत साधले होते. मला शरम वाटली. त्या रस्त्याने मी तीन वर्षे जात-येत आहे, पण नाकाला रुमाल लावून.

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये बंदिवासात असलेल्या लोकांना पत्र लिहिले होते. परक्या शहरात घरे बांधा, बागा लावा आणि त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे, असा त्याचा आशय होता. हे सांगणे परक्या गावी गेलेल्यांसाठी होते. त्या ताई, ज्यांनी आपला यिर्मया कधी वाचला नसेल, त्या ते पाळत आहेत. आपण तर इथलेच आहोत! आपल्या वाडवडिलांनी मोगरा, जाई, सोनचाफा टोपलीत भरून दादरच्या बाजारात नेला, त्या पैशांतून आपली शिक्षणे झाली. फुले कशी जगवायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात (परिच्छेद २३२) अशाच साध्या कामांचा गौरव केला आहे. लोक एकत्र येऊन एखादी दुर्लक्षित सार्वजनिक जागा सांभाळतात, तेव्हा त्या जागेबरोबर माणसांतली तुटलेली नातीही जुळतात, असे त्यांचे म्हणणे आहे. रोपांना पाणी कुणी घालायचे हे ठरवण्यासाठी तरी आपल्याला समोरच्या दारावर थाप मारावी लागेल. गेल्या कित्येक वर्षांत आपण ती मारलेली नाही.

फुले लावल्याने तुंबलेले गटार वाहू लागणार नाही. त्यासाठीचे अर्ज आपण करतच राहू. पण गटार दुरुस्त होईपर्यंत थांबायचे कारण नाही. पहिला चांगला पाऊस पडला की येणाऱ्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, आपण क्रुसामागे जमू. सदाफुली आणा, तिला बकऱ्या तोंड लावत नाहीत. ओल असते तिथे कर्दळ लावू. जास्वंदीच्या फांद्या, अबोली आणि तगरीची रोपे, गुलबक्षीच्या बिया, ज्याच्या परसात जे असेल ते आणावे. विकत काही आणू नये. तेलाच्या डब्यातला झेंडू जिथे आहे तिथेच राहील. सुरुवात त्याच्यापासून करू.

लावणे सोपे आहे. पाऊस संपल्यावर खरी कसोटी लागेल. म्हणून प्रत्येक आळीने एक आठवडा पाण्याची पाळी घ्यावी आणि प्रत्येक पाळीत एक नाव आपले, एक नाव समोरच्या बिल्डिंगमधले असावे. नावे लिहायची वही सॅक्रिस्टीत ठेवली आहे. त्या ताईंकडे मी स्वतः जाऊन आलो. पहिले नाव त्यांचे आहे, दुसरे माझे.

निष्फळ अंजिराच्या दाखल्यातला माळी धन्याला विनवतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी याच्याभोवती खणीन आणि खत घालीन. मुदत मागताना तो स्वतःचे कष्टही देऊ करतो. त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी इतकेच देऊ शकतो, की बाळा, आपण एक दिवस राबलो, आता एक वर्ष राबू या.

हे प्रभो, आमची मने आणि आमची वेस तू झाडून स्वच्छ कर आणि ती रिकामी राहू देऊ नकोस. ज्यांना आम्ही परके म्हटले त्यांच्या शेजारी गुडघे टेकून माती उकरायला आम्हांला शिकव. आमेन.

तुमचा धर्मगुरू