ठेवीचा हिशेब

दया आणि मोह यांची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. दोन्हींत अंतःकरण द्रवते आणि समोरच्याचे दुःख तत्काळ दूर करावे अशी इच्छा उत्पन्न होते. त्यामुळे त्यांच्यातील भेद व्याख्येने सहसा कळत नाही. तो आचरणाच्या प्रसंगीच कळतो. गृहस्थाश्रमात असा एक प्रसंग अगदी साध्या रूपाने येतो. तो म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या मुलाला डोळ्यांच्या फेरतपासणीसाठी डॉक्टरांकडे नेणे.

काही मुलांचा एक डोळा तिरळा असतो, किंवा दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या नंबरांत फार अंतर असते. अशा वेळी मेंदू सदोष डोळ्याकडून येणारे चित्र स्वीकारणे हळूहळू सोडून देतो आणि त्या डोळ्याची दृष्टी मंद राहते. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टेन वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले की, बाल्यातील ठरावीक काळात एक डोळा मिटलेला राहिला, तर तो पुढे उघडूनही मेंदू त्याचा फारसा उपयोग करीत नाही. १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या बालकालाही अशी कालमर्यादा आहे. साधारणतः सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत उपचार चांगला लागू पडतो. पुढे त्याचा गुण कमी होत जातो. चष्मा देणे आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावणे, हा रूढ उपाय होय.

बालकाच्या बाजूने पाहिले, तर हा उघड अन्याय आहे. जो डोळा पाहतो तोच झाकला जातो. मूल रडते, पट्टी ओढून काढते. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील श्रेष्ठ सुख आरंभी अप्रिय वाटते. परंतु तेथे सोसणारा आणि निवडणारा एकच असतो. येथे एक निवडतो आणि दुसरा सोसतो. मग संमती देण्यास असमर्थ असलेल्या जीवाला क्लेश देण्याचा अधिकार मातापित्यांना कोठून आला?

धर्मशास्त्रात ठेवीला निक्षेप म्हणतात. ज्याच्याकडे ती ठेवली, त्याने ती सांभाळावी आणि धन्याला परत करावी, असा दंडक आहे. मुलाची दृष्टी ही उद्याच्या प्रौढ मनुष्याची ठेव आहे. तो धनी आज मागणीला उभा राहू शकत नाही. म्हणून विश्वस्ताचे दायित्व कमी होत नाही, वाढते.

तथापि हा युक्तिवाद निर्धोक नाही. ‘तुझ्याच हितासाठी’ असे म्हणून जगात पुष्कळ जुलूम झाले आहेत. म्हणून अशा अधिकाराला मर्यादा हवी: क्लेश आवश्यक तेवढाच असावा, त्याला मुदत असावी आणि तो वेळोवेळी तपासला जावा. फेरतपासणीचे नैतिक मोल येथे आहे. पट्टीमुळे चांगला डोळाच मंद होत नाही ना, चष्म्याचा नंबर बदलला काय, पट्टीचे तास कमी करता येतील काय, हे त्या दिवशी पाहिले जाते. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या मध्यम स्वरूपाच्या मंददृष्टीवर रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरली. कठोर उपायाची पुन्हा पुन्हा परीक्षा करणे, हेही दयेचेच एक रूप आहे.

या परीक्षेला एक गोष्ट अवश्य लागते, ती म्हणजे सत्य. डॉक्टर विचारतात, “पट्टी रोज किती वेळ लावली?” घरी आईने लावलेली पट्टी आजीने हळूच सोडलेली असते, “एवढंसं लेकरू, कशाला छळता?” हे तिचे शब्द प्रेमाचेच असतात. परंतु त्या क्षणी मुलाचे रडणे थांबले, त्याबरोबर ते ऐकण्याचे स्वतःचे दुःखही थांबले. त्यांपैकी कोणत्या दुःखासाठी हात पुढे झाला, हे ज्याने त्याने पाहावे. दया आणि मोह यांची वाट तेथेच फुटते.

मग डॉक्टरांपुढे लाजेने उत्तर दिले जाते, “सांगितली तितका वेळ.” लंडनमधील, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पट्टीचा वेळ यंत्राने मोजला, तेव्हा सांगितलेल्या वेळेच्या सुमारे निम्माच वेळ ती लावली गेल्याचे आढळले. अशा असत्याचा दंड बोलणाऱ्याला होत नाही. गुण दिसत नाही म्हणून डॉक्टर तास वाढवतात, आणि तो दंड मूल भोगते. “अर्धाच तास राहते, फार रडते,” हे खरे उत्तर त्याहून कितीतरी उपकारक. ते बोलता यावे अशा स्वरात विचारणे हे डॉक्टरांचेही कर्तव्य होय. जिला प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी सोडून यावे लागते, तिला दरडावल्याने पुढची खेपच बुडते.

हेच सत्य मुलालाही देणे लागते. “जत्रेला जाऊ” म्हणून त्याला दवाखान्यात नेऊ नये. डोळ्यांत थेंब घालतील, ते झोंबतील, थोड्या वेळाने थांबेल, आई जवळच बसेल, एवढे दोन वर्षांच्या मुलालाही त्याच्या भाषेत सांगता येते. सांगितल्यावरही ते रडेल. परंतु त्याची फसवणूक झालेली नसेल. संमती मागता येत नाही तेथे निदान विश्वास मोडू नये, एवढे विश्वस्ताच्या हाती निश्चित असते.