सरकवला की ताणला?

मनात आलेखाचा कोरा कागद पसरा. मधून दोन अक्ष जाऊ द्या: आडवा क्ष, उभा य. दोघे छेदतात तिथून एक घर वर एक बिंदू ठेवा, कारण २ चा शून्य घात १ असतो. एक घर उजवीकडे गेलात की उंची २, मग ४, मग ८. सावकाश चला. घर एक सेंटिमीटरचे धरले तर दहाव्या घरावर तुम्ही दहा मीटरांच्याही वर असाल. आता डावीकडे परता. अर्धा, पाव, त्याचा निम्मा. वक्र आडव्या अक्षाकडे झुकत राहतो, टेकत मात्र नाही. तो अक्ष ही त्याची अनंतस्पर्शी रेषा.

अख्खा वक्र ३ घरे वर उचला. डावे टोक आता ३ उंचीच्या रेषेकडे झुकते. खाली ठेवा. उभ्या अक्षाचा आरसा धरा: चढण होती तिची उतरण झाली. २ ऐवजी अर्धा पाया घेतला असता तरी हाच आलेख आला असता. आडव्या अक्षाचा आरसा वक्राला अक्षाखाली उलटा करतो. तिथे फार रेंगाळायला नको.

रेंगाळायचे ते इथे. वक्र ३ घरे डावीकडे सरकवा. (घातांकात क्ष अधिक ३ येते, आणि अधिक असून डावीकडे का, असे वर्गात हमखास विचारले जाते. पूर्वी ३ वर मिळणारी उंची आता शून्यावरच मिळते, इतकेच.) उभ्या अक्षावर उंची ८ झाली, पुढच्या घरावर १६. वक्र परत जागी आणा. आता सरकवू नका. प्रत्येक बिंदूची उंची आठपट करा. १ चे ८, २ चे १६, अर्ध्याचे ४. दोन्ही वक्र एकमेकांवर ठेवून बघा. केसभरही फरक नाही.

पुस्तकांत सरकवणे एका चौकटीत आणि ताणणे दुसऱ्या चौकटीत छापतात. मला वाटते, या वक्राची खरी गंमत तिथेच हरवते. पॅराबोला असे करू देत नाही. त्याला शिरोबिंदू असतो. क्ष-वर्गाचा आलेख बाजूला सरकवला की तो हलतो, उभा ताणला की जागीच राहतो, आणि चोरी पकडली जाते. घातांकी वक्रावर असा खुणेचा बिंदूच नाही. कुठेही उभे राहा, एक घर उजवीकडे दुप्पट, डावीकडे निम्मे.

न्यूटनने १७०१ मध्ये मांडलेला थंड होण्याचा नियम घ्या. खोली २५ अंश, कपातला चहा ८५, फरक ६०. समजा, हा फरक दर १० मिनिटांनी निम्मा होतो. म्हणजे उतरता वक्र, साठपट ताणलेला, २५ वर उचललेला. दहा मिनिटांनी शेजारच्या तशाच कपात ५५ अंशांचा चहा ओता. यापुढे दोन्ही थर्मामीटर एकच आकडा दाखवतील. कोणता वक्र कमी ताणलेला आणि कोणता आधीच सुरू झालेला, हे त्या आकड्यांवरून ओळखता येणार नाही.

आता मनातली खोली ३० अंशांची करा. अनंतस्पर्शी रेषाही ३० वर गेली. वक्र डावीउजवीकडे कितीही सरकवा, ती तिथून हलत नाही.